गाडीची बॅटरी आणि मर्यादेचे व्रत

पालघर, डहाणू, वसई या पट्ट्यातील श्रावक कुटुंबे गजपंथ सिद्धक्षेत्राच्या वंदनेस निघतात, तेव्हा नाशिकला जाण्याच्या दोन वाटा त्यांच्यापुढे असतात. एक मुंबई-नाशिक महामार्गाने कसारा घाट चढून जाणारी आणि दुसरी मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर अशी सह्याद्रीच्या कुशीतून जाणारी. दुसरी वाट वळणावळणाची असली तरी रमणीय आहे. सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले जव्हार हे एके काळी मुकणे राजघराण्याच्या संस्थानाचे गाव. तेथील जयविलास राजवाडा आजही प्रवाशांना थांबवतो. पुढे मोखाडा, मग तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर आणि त्यानंतर अंजनेरी. या अंजनेरीच्या पायथ्याशी बाराव्या शतकातील जैन मंदिरांचे अवशेष आहेत. शके १०६३ चा तेथील शिलालेख आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिराला दिलेल्या दानाची साक्ष देतो. तेथून नाशिक आणि म्हसरूळचा गजपंथ डोंगर दूर नाही.

मात्र या वाटेचे दुसरे रूपही ध्यानात ठेवले पाहिजे. आषाढ-श्रावणात येथे पाऊस अखंड कोसळतो. भर दुपारी धुके उतरते आणि समोरचे वळण दिसेनासे होते. दोन गावांमध्ये बराच वेळ एकही दिवा दिसत नाही. पाडे डोंगरात विखुरलेले, गॅरेज फक्त मोठ्या गावात, आणि मोबाइलला प्रत्येक वळणावर संपर्क मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी गाडीचे दिवे मंदावू लागले, वायपर रेंगाळू लागला आणि थोड्या वेळाने इंजिनही थांबले, तर प्रवासी काय म्हणतात? ‘बॅटरी गेली!’ पुढच्या गावी पोहोचल्यावर नवी बॅटरी घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीही ‘जाते’. कारण बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसतोच. दोष असतो तिला भरणाऱ्या आणि त्याच वेळी आवरणाऱ्या यंत्रात. त्या यंत्राचे नाव अल्टरनेटर. वाहन वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला या यंत्राची तोंडओळख असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोठार आणि झरा

बॅटरी हे विजेचे कोठार आहे, झरा नव्हे. १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. आपल्या मोटारीतील बॅटरी आजही मूलतः त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात सहा घरे असतात. प्रत्येक घर पूर्ण भरलेले असता सुमारे २.१ व्होल्टचा दाब देते. सहा घरे एकामागून एक जोडली की १२.६ व्होल्ट होतात. वीज खर्च होते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होते. बाहेरून वीज दिली की हीच क्रिया उलट फिरते, सल्फेट विरघळते आणि आम्ल पुन्हा तीव्र होते. परंतु बॅटरी बराच काळ रिकामी राहिली तर ते सल्फेट कठीण होऊन बसते आणि मग ते सहजी विरघळत नाही. रिकाम्या कोठाराला वाळवी लागावी, तशी ही अवस्था आहे.

गाडी चालू करताना बॅटरीला मोठा घाव सोसावा लागतो, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. डिझेल जीपचा सेल्फ मारताना दोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो खरा, पण तो तीनच सेकंद. त्याचा हिशेब केला तर खर्च होतो एका अँपिअर-तासाचा सहावा भाग. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साठ रुपयांचा गल्ला मानले, तर एका स्टार्टला सतरा पैसे लागले म्हणायचे. हे पैसे अल्टरनेटर काही मिनिटांतच परत भरून देतो. त्यानंतरचा सारा प्रवास, म्हणजे दिवे, वायपर, पंखा, हॉर्न आणि इंजिनातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बॅटरीच्या नव्हे तर अल्टरनेटरच्या विजेवर चालतो. बॅटरी शांतपणे बाजूला बसलेली असते आणि तूट पडली तरच पुढे सरसावते.

अल्टरनेटरच्या पोटात

इंजिनाच्या पुढच्या बाजूस एक रबरी पट्टा फिरताना दिसतो. त्याच पट्ट्याने अल्टरनेटर फिरतो. त्याची पुली इंजिनाच्या पुलीपेक्षा लहान असल्यामुळे इंजिनाच्या एका फेऱ्यात अल्टरनेटरचे दोन ते तीन फेरे होतात. आतमध्ये मधोमध ‘रोटर’ नावाचा फिरता भाग असतो. त्यावर तारेचे वेटोळे असते. दोन छोटे कार्बन ब्रश त्या वेटोळ्याला थोडासा प्रवाह, अवघे काही अँपिअर, पोहोचवतात. त्यामुळे रोटर चुंबक बनतो. हा फिरता चुंबक भोवतीच्या स्थिर वेटोळ्यांतून, म्हणजे ‘स्टेटर’मधून, वीज निर्माण करतो. १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. चुंबक हलला की जवळच्या तारेत वीज जागी होते.

ही वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा क्षणोक्षणी बदलते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची, दिष्ट वीज लागते. म्हणून अल्टरनेटरच्या पाठीमागे सिलिकॉनचे सहा डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे विजेचे एकमार्गी दार. ते एका दिशेने जाऊ देते, उलट येऊ देत नाही. या दारांमुळे दोन कामे साधतात. प्रत्यावर्ती वीज दिष्ट होते आणि इंजिन बंद असताना बॅटरीतील वीज उलटी अल्टरनेटरमध्ये झिरपत नाही.

पूर्वी मोटारींत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असे. तो जड असे, त्याचे ब्रश लवकर झिजत, आणि इंजिन मंद फिरताना तो जवळजवळ काहीच वीज देत नसे. गावात, वळणावर, चढाच्या तोंडाशी गाडी हळू झाली की दिवे पिवळे पडत. जुन्या पिढीला ते दृश्य नक्की आठवत असेल. डायनॅमोला उलटा प्रवाह थोपवण्यासाठी ‘कटआउट’ नावाची वेगळी पेटी लागे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर चित्र पालटले. १९६० मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट या मोटारीत अल्टरनेटर दिला आणि पाहता पाहता जगभर तोच रूढ झाला. आपल्या देशात १९६१ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस ही वाहनांच्या विद्युत उपकरणांची कंपनी स्थापन झाली. आज नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे. जव्हारकडून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जाणारा रस्ता याच सातपुरातून शहरात शिरतो. म्हणजे या घाटात धावणाऱ्या अनेक जिपांचा जन्म याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला झालेला असतो. गावोगावचे मेकॅनिक मात्र अजूनही अल्टरनेटरला प्रेमाने ‘डायनॅमो’च म्हणतात. त्यांच्याशी बोलताना हा शब्दभेद लक्षात ठेवावा.

देण्यापेक्षा आवरणे कठीण

येथवर वीज निर्माण करण्याची गोष्ट झाली. खरी कसोटी पुढे आहे. इंजिन कधी मिनिटाला आठशे फेरे करते, कधी तीन हजार. वेग वाढला की अल्टरनेटरचा दाबही वाढतो. त्याला कोणी आवरले नाही, तर बारा व्होल्टच्या दिव्यांवर वीस-पंचवीस व्होल्टचा दाब येऊन दिवे फुटतील आणि बॅटरीतील पाणी उकळून जाईल. म्हणून रेग्युलेटर हवा. मेकॅनिकच्या भाषेत यालाच ‘आयसी’ म्हणतात.

रेग्युलेटरची रीत विचार करण्यासारखी आहे. तो तयार झालेली वीज अडवत बसत नाही, तर वीज जेथून उगम पावते त्या मुळाशी हात घालतो. बॅटरीचा दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचला, की तो रोटरच्या वेटोळ्याचा प्रवाह क्षणभर तोडतो. चुंबकाचा जोर कमी होतो आणि दाब उतरतो. दाब थोडा खाली आला की पुन्हा प्रवाह जोडतो. असे एका सेकंदात अनेकदा चालते. परिणामी इंजिन कोणत्याही वेगाने फिरो, दाब साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान राहतो.

हीच मर्यादा का? बॅटरीत वीज भरायची तर तिच्या स्वतःच्या १२.६ व्होल्टपेक्षा अधिक दाब हवा. उंच टाकीचे पाणीच खालच्या हौदात उतरते. पण दाब साडेचौदाच्या पुष्कळ वर गेला तर वीज साठण्याऐवजी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू सुटू लागतात, पाणी आटते आणि पट्ट्या खराब होतात. कमी दिले तर उपासमार आणि अधिक दिले तर अजीर्ण. तपमानाचाही विचार असतो. थंडीत बॅटरी वीज सावकाश स्वीकारते म्हणून दाब थोडा अधिक लागतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या बॉनेटखाली तो थोडा कमी ठेवावा लागतो. चांगला रेग्युलेटर हा फरक स्वतःच सांभाळतो.

आपल्या आचारधर्मातील परिग्रहपरिमाण अणुव्रत येथे सहज आठवते. संपत्ती मिळवणे गृहस्थाला वर्ज्य नाही, पण तिची सीमा त्याने आधी ठरवून घ्यावी, असे ते व्रत सांगते. सीमा बाहेरून लादायची नसते. इच्छेच्या मुळाशीच ती घालायची असते. रेग्युलेटर हेच करतो. निर्जीव यंत्राला व्रत नसते हे खरे. परंतु कोठार टिकते ते भरण्याने नव्हे, भरण्याच्या मर्यादेने, ही गोष्ट त्याच्याकडे पाहून मुलांना सोप्या रीतीने समजावता येते.

घाटातील रात्रीचा जमाखर्च

आता हा हिशेब जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर मांडून पाहू. पावसाळी रात्र आहे. समोरचे दोन दिवे ११० वॅट घेतात. धुक्याचे दोन दिवे आणखी ११०. मागचे दिवे आणि पुढच्या पॅनेलचे मिळून ३०. वायपर ६०. काचेवरची वाफ घालवणारा पंखा पूर्ण वेगात १५०. इंधनपंप आणि इंजिनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांना १२० धरू. बेरीज होते ५८० वॅट. चौदा व्होल्टने भागले की सुमारे ४१ अँपिअर. ब्रेक दाबला की त्यात भर पडते, शिवाय मुलांचे मोबाइल चार्जिंगला लावलेलेच असतात.

अल्टरनेटरवर ७५ किंवा ९० अँपिअर असा आकडा लिहिलेला असतो, पण तो वेगात फिरतानाचा. इंजिन नुसते चालू ठेवून गाडी उभी असेल, तर तो त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी प्रवाह देतो. बॉनेट तापलेले असेल तर आणखी घट होते. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरत असते, त्यामुळे तेव्हा चिंता नसते. चिंता असते ती दरड कोसळून किंवा ट्रक आडवा होऊन रांगेत तासभर उभे राहताना. त्या वेळी आवक चाळिसाच्या आत आणि जावक एक्केचाळीस. तूट बॅटरी भरून काढते आणि हळूहळू रिकामी होते. म्हणून अशा वेळी पंख्याचा वेग कमी करावा आणि धुक्याचे दिवे मालवावेत. मागच्या गाड्यांना आपण दिसावे यासाठी लागणारे दिवे मात्र चालूच ठेवावेत. इंजिन बंद करून गाणी ऐकणे आणि दिवे लावून ठेवणे हे तर कोठाराचे दार उघडे टाकून झोपण्यासारखे आहे.

अल्टरनेटर पूर्ण निकामी झाला तर किती वेळ हाती असतो? साठ अँपिअर-तासांची बॅटरी आणि तीस अँपिअरचा खर्च असे धरले, तर कागदावर दोन तास दिसतात. प्रत्यक्षात बॅटरी जुनी असते, पूर्ण भरलेली नसते, आणि अर्धी उतरल्यावर दाब घसरू लागतो. म्हणून रात्री तासाभराच्याच बेताने चालावे. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वर गाठण्यास पावसात जवळपास तेवढाच वेळ लागू शकतो. मधल्या घाटात दिवे मालवलेली गाडी वळणावर उभी राहणे, हा स्वतःच्या गैरसोयीपुरता प्रश्न उरत नाही. मागून येणाऱ्याच्या जिवाशी तो गाठ घालतो.

नव्या मोटारींत रेग्युलेटर इंजिनाच्या संगणकाच्या आज्ञेत असतो. चढावर तो अल्टरनेटरचा भार कमी करतो. उतारावर, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असताना, गाडीच्या फुकट जाणाऱ्या गतीतून बॅटरी भरून घेतो. अशा गाडीत दाब कधी साडेबारा, तर कधी पावणेपंधरा दिसतो. तो दोष नव्हे, ती काटकसर आहे. कारण अल्टरनेटरची वीज फुकट नसते. तो फिरवण्यासाठी इंजिनाला अधिक डिझेल जाळावे लागते, आणि जे बळ अल्टरनेटरला दिले त्यातले साधारण सत्तर टक्क्यांपेक्षा कमीच विजेच्या रूपाने परत मिळते.

लाल दिवा काय सांगतो

किल्ली फिरवताच पॅनेलवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. हा दिवा ‘बॅटरी खराब आहे’ असे सांगत नाही. ‘भरणा होत नाही’ असे सांगतो. हा फरक प्रत्येक वाहनधारकाने जाणावा. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही तर दिवाच गेलेला असू शकतो किंवा तार तुटलेली असू शकते. मग खरी वेळ येईल तेव्हा इशारा देणारा कोणी उरत नाही.

चालत्या गाडीत तो लागला, तर प्रथम सुरक्षित जागी थांबून पट्टा पाहावा. पट्टा तुटला असेल तर गाडी पुढे नेऊ नये. बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, आणि पंप थांबला की इंजिन काही मिनिटांत तापते. पट्टा शाबूत असेल आणि इंजिनाचे तपमान योग्य असेल, तर एसी, पंखा, गाणी, चार्जर असा अनावश्यक खर्च बंद करावा आणि इंजिन न थांबवता जवळच्या वस्तीपर्यंत जावे. अंधार पडण्यापूर्वी थांबणे उत्तम. दिवसा हाच दोष सौम्य असतो, कारण दिव्यांचा खर्च नसतो.

आणखी काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. इंजिन मंद असता दिवे मंद आणि रेस करताच तेजस्वी होत असतील, तर भरणा अपुरा आहे. पावसाळी सकाळी बॉनेटमधून चीं-चीं असा आवाज येत असेल, तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झाला आहे. दिव्यांचे बल्ब वारंवार उडत असतील, बॅटरीचे पाणी लवकर आटत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर रेग्युलेटरने मर्यादा सोडली आहे. नवी बॅटरी एका रात्रीत उतरत असेल, तर एखादा डायोड फुटून वीज उलटी झिरपत असण्याचा संभव असतो.

घरी साधा मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांत परीक्षा होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जवळजवळ पाव. आता इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी आणि सगळे दिवे, पंखा लावावा. साडेतेराच्या वर आकडा टिकला तर भरणा ठीक आहे. तेराच्या खाली राहिला तर अल्टरनेटर दाखवावा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर तातडीने बदलावा.

एका जुन्या सवयीविषयी सावध करणे आवश्यक आहे. डायनॅमोच्या काळात चालत्या इंजिनात बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो चालतो का’ हे पाहत असत. आजच्या गाडीत असे कदापि करू नये. बॅटरी ही विजेच्या लाटा शोषून घेणारी उशी आहे. ती एकाएकी काढली तर दाब क्षणभर ऐंशी-शंभर व्होल्टपर्यंत उसळू शकतो आणि हजारोंची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळून जाते. तसेच दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करताना धन-ऋण टोकांची अदलाबदल झाली, तर पहिला बळी डायोडचा जातो.

आणि गाडी उभीच असेल तर? चातुर्मासात अनेक कुटुंबे प्रवास टाळतात. गाडी महिनाभर दारात असते. घड्याळ, कुलूप, सुरक्षा यंत्रणा मिळून समजा चाळीस मिलिअँपिअर इतका नगण्य प्रवाह सतत घेतात. महिनाभराचा हिशेब जवळजवळ २९ अँपिअर-तास होतो, म्हणजे साठाच्या बॅटरीची निम्मी वीज. गाडी नुसती दोन मिनिटे चालू करून बंद केल्याने ही तूट भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावी किंवा जाणकाराकडून ऋण टोक सोडवून ठेवावे.

दान केलेल्या रुग्णवाहिकेची काळजी

आपल्या समाजातील अनेक मंडळे आदिवासी भागांत आरोग्य शिबिरे घेतात आणि कोणी दानशूर कुटुंब रुग्णवाहिकाही अर्पण करते. हे दान मोठे आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुक्याची व्यथा देशापुढे आली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही सुरू झाली. तरीही पाड्यावरून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयापर्यंत आणि गंभीर अवस्थेत थेट नाशिकपर्यंत रुग्णाला नेणे हे आजही घाटाशी झुंजण्यासारखे आहे. प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या मातेसाठी वाहनाचा सेल्फ पहिल्या झटक्यात लागणे ही किरकोळ बाब नाही.

रुग्णवाहिकेवर विजेचा भार साध्या जीपपेक्षा पुष्कळ अधिक असतो. छतावरचा फिरता दिवा, सायरन, आतील दिवे आणि वैद्यकीय उपकरणांसाठी इन्व्हर्टर. तीनशे वॅटचे उपकरण इन्व्हर्टरवर चालवले, तर एकटे तेच बॅटरीतून पंचवीस अँपिअरहून अधिक ओढते. त्यात हे वाहन पुष्कळदा एका जागी उभे राहते आणि मग एकदम धावते. म्हणजे अल्टरनेटरला भरण्यासाठी वेळ थोडा आणि खर्च मात्र मोठा. म्हणून दान देताना तीन गोष्टी पाहाव्यात. अल्टरनेटर त्या भाराला पुरेशा क्षमतेचा असावा. उपकरणांसाठी वेगळी बॅटरी असावी, म्हणजे इंजिन चालू करण्याची बॅटरी कधीही रिकामी होणार नाही. आणि रुग्णवाहिका उभी असते त्या जागी घरगुती विजेवर चालणारा चार्जर असावा.

याहून महत्त्वाची चौथी गोष्ट म्हणजे देखभालीचा निधी. वाहन अर्पण करताना फलक लागतो, समारंभ होतो. पट्टा, कार्बन ब्रश, रेग्युलेटर आणि तीन-चार वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी यांच्यासाठी मात्र कोणी नाव लावत नाही. तरीही आणीबाणीच्या रात्री वाहन निघेल की नाही, हे याच लहान वस्तूंवर ठरते. एखाद्या कुटुंबाने रुग्णवाहिकेच्या वार्षिक देखभालीचा भार गुप्तपणे उचलला, तर त्या दानाचे मोल मूळ वाहनाच्या दानाहून तसूभरही उणे नाही.

जुन्या बॅटरीविषयी यत्नाचार

बॅटरी शेवटी निकामी होतेच. तिच्यातील शिसे विषारी आहे आणि आम्ल दाहक. ते गटारात किंवा मातीत ओतले, तर पृथ्वीकाय आणि जलकाय जिवांची हिंसा होतेच, शिवाय तेच पाणी पुढे गुरांच्या आणि माणसांच्या पोटात जाते. जव्हार-मोखाड्याचे ओढे वाघ, पिंजाळ आणि वैतरणेला मिळतात, आणि वैतरणेचे पाणी तर मुंबईकरांच्या नळाला येते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी दुकानात परत दिली की नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते. शिशाचा पुनर्वापर उत्तम होतो. म्हणून रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला चार पैसे अधिक मिळतात म्हणून बॅटरी देऊ नये. तेथे ती उघड्यावर फोडली जाते आणि ते विष फोडणाऱ्या कामगाराच्या अंगात मुरते.

बॅटरीत पाणी घालायचे तर ते डिस्टिल्ड वॉटरच असावे आणि पातळी दाखवणाऱ्या रेषेपर्यंतच घालावे. टोकांवर साचलेली पांढरट-हिरवट बुरशी हातमोजे घालून, सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने पुसावी आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. बॅटरीजवळ काडी किंवा उदबत्ती पेटवू नये, कारण तिच्यातून सुटणारा हायड्रोजन पेट घेतो. नव्या गाडीची पूजा करताना बॉनेटमध्ये दिवा ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पुढची गजपंथ यात्रा ठरली की प्रसादाची आणि निवासाची यादी करताना त्या यादीत आणखी एक ओळ लिहावी : पट्टा, लाल दिवा, व्होल्टचा आकडा. जाणकार इलेक्ट्रिशियनला हे तपासण्यास पाऊण तासही लागत नाही. शक्य असेल तर घाट दिवसाउजेडी ओलांडावा. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या कुटुंबाला सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्याची सवय असतेच. जव्हार-मोखाड्याच्या वाटेवर ती सवय व्रताइतकीच प्रवासालाही उपकारक ठरते.